अर्धा डझन प्रत्येकीला

शेजारून आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही आणि तरी सगळ्यांना ठाऊक असतं. अगदीच काही नसलं तर चमचाभर साखर घालायची, पण नुसता घासलेला डबा हातात ठेवायचा नाही. दिवाळीत तर या व्यवहाराला ऊत येतो. क्रोशाच्या रुमालाखाली फराळाची ताटं जिना चढतात, उतरतात आणि त्यांच्याबरोबर एक न लिहिलेली वहीही घरोघर फिरत असते. अमक्यांनी सहा करंज्या पाठवल्या, मग आपण चार कशा पाठवायच्या? तमक्यांची चकली यंदा मऊ पडली, बोलायचं नाही हं कुणी. वरच्या मजल्यावरून लाडू आले, म्हणजे आपले विकतचे आहेत हे त्यांना कळलं की काय?

ताटांबद्दल माझी काही तक्रार नाही. दुसऱ्याच्या हातचा चिवडा खायला मला आपल्या घरच्यापेक्षा जास्त आवडतो आणि तो ताटातूनच येतो. कंटाळा आहे तो त्या वहीचा. प्रेमाबरोबर हिशेबही असतो, आणि तो उघड मांडायची सोय नसल्यामुळे वर्षानुवर्षं बायकांच्या डोक्यात साठत राहतो. माझ्या आईला नातवंडांचे वाढदिवस आठवत नाहीत, पण वाड्यातल्या कुठल्या बिऱ्हाडाने कुठल्या दिवाळीला अनारसे पाठवले नाहीत ते आजही तोंडपाठ आहे.

म्हणून मामेबहिणीच्या अमेरिकेतल्या मुलीने तिथल्या 'कुकी एक्स्चेंज'बद्दल सांगितलं तेव्हा मला कुकीजपेक्षा त्यातला उघडा हिशेब आवडला. नाताळच्या आधी, डिसेंबरात, ओळखीच्या बायका (आणि हल्ली पुरुषही) कुणाच्या तरी घरी जमतात. प्रत्येकाने एकाच प्रकारच्या कुकीज करायच्या, पण भरपूर. येताना एक प्रकार घेऊन यायचं, जाताना सगळ्यांचे थोडे थोडे घेऊन जायचं. कुणाला किती, हे आमंत्रणातच लिहिलेलं. सोबत कृतीची चिठ्ठी. बस. सात पदार्थांचा घाट एकटीने घालायचा नाही, आणि घरी जाताना डोक्यात कुणाचं देणं राहत नाही.

शाळेच्या ग्रुपवर मी टाकलं, तर आधी नेहमीप्रमाणे अंगठे आले आणि मग खरी चर्चा सुरू झाली. आम्ही सात जणी. प्रत्येकीने इतर सहा जणींना अर्धा अर्धा डझन द्यायचं, म्हणजे 36. वर चाखायला म्हणून डझनभर, एकूण 48. माझ्या ओटीजीच्या, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनच्या, ट्रेवर नीट अंतर ठेवून 12 बिस्किटं बसतात. म्हणजे चार घाणे. एवढ्यावर कुणाचीच हरकत नव्हती. हरकती निघाल्या तारखेवर. डिसेंबर म्हणजे मार्गशीर्ष. दोघींकडे मार्गशीर्षातले गुरुवार, आणि त्यातल्या एकीकडे महिनाभर अंडंही नाही. शिवाय गुरुवारी आमच्या पुण्यात वीज कधी दुरुस्तीसाठी जाईल त्याचा नेम नसतो आणि ओटीजी काही इन्व्हर्टरवर चालत नाही, म्हणजे गुरुवार भाजण्याच्या कामाचाही नाही. शेवटी शनिवार ठरला, दुपारी चारची वेळ. अंड्याचं ज्यात असेल त्या डब्याला लाल रबरबँड लावायचं. आणि एक नियम औंधवालीने ठळक अक्षरात टाकला : विकतचं चालणार नाही.

गंमत म्हणजे बिस्किटाने या गावात फार मोठमोठी माणसं अडचणीत आणलेली आहेत. 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका व्याख्यानाला जमलेल्या पुढाऱ्यांपुढे चहा-बिस्किटं आली, आणि त्यावरून पुण्यात केवढं वादळ उठलं! टिळक, रानडे यांच्यासारखी माणसं त्या मंडळींत. गोपाळराव जोश्यांनी नावं छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण, झालं, प्रायश्चित्तं झाली. पाव-बिस्किट म्हणजे लष्कर भागातलं (कॅम्पातलं), भट्टीवाल्याच्या हातचं, पेठेत न येणारं. त्याच पुण्यात आज पाहुणा आला की परत जाताना त्याच्या पिशवीत बाकरवडीच्या शेजारी श्रूसबेरी बिस्किटांचा खोका असतो. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी 1955 पासूनची. तिथल्या रांगेत मी नऊवारीतल्या आज्याही पाहिल्या आहेत. प्रायश्चित्त घ्यायचंच झालं तर ते दुपारी बेकरी बंद असताना जाऊन पोचण्याचं.

मी स्वतः लोण्याचीच बिस्किटं करायची ठरवली होती, श्रूसबेरीच्या वळणाची, पण तसं नाव न देता. पुण्यात त्या नावाने काही करून पुढे ठेवायचं म्हणजे टीकेला बोलावणं. थंडीत एक बरं असतं. लोणी हातात वितळत नाही, गोळा फ्रीजमध्ये न ठेवताही ताठ राहतो, त्यामुळे बिस्किट ट्रेवर पसरून चपटं होत नाही. ओटीजीतून काढलं की ते मऊच लागतं आणि नवख्या माणसाला वाटतं, कच्चं राहिलं. त्या क्षणी मोह आवरायचा आणि त्याला ट्रेवरच गार होऊ द्यायचं, तिथेच ते कडक होतं. हे मी नवऱ्याला दर वेळी सांगते आणि दर वेळी तो गरम बिस्किट उचलतो, ते मोडतं, मग मोडलेलं म्हणून खातो. मोडकं घरच्यांचं, असा आमच्याकडे कायदा आहे, आणि कायद्याचा गैरफायदा घेणारेही आहेत.

शनिवारी टेबलावर सात डबे लागले. कोथरूडवालीची नाचणी-गुळाची बिस्किटं. गव्हाच्या पिठातला चिकटपणा नाचणीत नाही, त्यामुळे ती दिसायला सुरेख आणि उचलायला अवघड. निम्म्यांचा डब्यातच भुगा झाला होता. बाणेरवालीची ओट्स-खजुराची, बिनसाखरेची. त्यांच्याकडे बघूनच आपलं काहीतरी चुकतंय असं वाटावं अशी. सदाशिव पेठेतलीने जिऱ्याची खारी बिस्किटं आणली होती आणि येतानाच माफी मागत आली, "गोड नाहीयेत गं माझी, चालतील ना?" औंधवालीची चॉकलेट चिप. तिने म्हणे मैदा ग्रॅममध्ये मोजला होता, गोळे वजनकाट्यावर तोलले होते आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले होते. सगळी एका मापाची. तिच्या डब्याला लाल रबरबँड होतं.

लाल रबरबँडाचा दुसरा डबा वानवडीवालीचा. ती मूळची गोव्याकडची, आणि तिने कुकीज नव्हे, कुलकुल आणले होते. भट्टीशी त्यांचा संबंध नाही, ते तळायचे. मैदा, अंडं, नारळाचं दूध, साखर घालून घट्ट मळायचं, आणि सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून, वरून खाली वळवत आणायची. तिने रिकाम्या बशीवर कणकेशिवायच हाताने करून दाखवलं : अंगठ्याने चपटी, मग टोकाकडून गुंडाळी. काट्याच्या रेघा बाहेरच्या बाजूला उमटतात आणि शंखासारखा आकार येतो. "आमच्याकडे काटा नसला तर नवीन कंगवा घ्यायचे," ती म्हणाली, "आणि सगळं घर बसायचं वळायला. एकटीने करायचा पदार्थच नाही हा." यंदा तिच्याकडे सासरे आणि मुलगा बसले होते. सासऱ्यांचे ओळखू येत होते, फार रेखीव.

तिनेच सांगितलं की गोव्यात नाताळला अशा पदार्थांचं ताट शेजाऱ्यांकडे जातं, हिंदू शेजाऱ्यांकडेही. त्यात कुलकुल, नेवऱ्या, दोदोल, बेबिंका. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. चतुर्थीला, दिवाळीला तिकडून ताट आलेलं असतं, त्याची परतफेड नाताळला होते. म्हणजे ती वही तिथेही आहे. मला फार बरं वाटलं.

उरला सिंहगड रोडवालीचा डबा. तिने झाकण उघडलं आणि वेलची नि तुपाचा वास असा सुटला की बाणेरवालीचे ओट्स बिचारे आणखीच खजील झाले. नानकटाया. वर एकेक चारोळी, माथ्याला चिरा, कडा जेमतेम तांबूस. औंधवालीने एक उचलली आणि उलटी करून खालून पाहिली. खालून पाहायची तिची सवय आहे, हॉटेलातली भांडीही ती तशीच पाहते.

"ही ओटीजीतली नाही."

"नाहीच. बेकरीतून करून आणल्या."

"म्हणजे विकतच्या?"

"विकतच्या कशा? मैदा माझा, तूप माझं, साखर मी दळली. दोन तास तिथे उभी होते मी."

"पण मळल्या कुणी? वळल्या कुणी? भाजल्या कुणी?"

यावर जी जुंपली ती करंज्या गार होईपर्यंत. (मी मटारच्या करंज्या केल्या होत्या. डिसेंबरात पुण्यात मटार सोडून दुसरं काही करणं हा मटाराचा अपमान आहे.) औंधवालीचं म्हणणं सरळ होतं, नियम तो नियम. उद्या मी स्वयंपाकाच्या मावशींना सामान देईन आणि ते माझं म्हणेन, चालेल? सदाशिव पेठ म्हणाली, आपल्या आया दुसरं काय करत होत्या? तेव्हा तर आपण 'घरची बिस्किटं' म्हणून शाळेत मिरवत नेत होतो.

तिचं खरं होतं. आमच्या लहानपणी पुण्यात कुणाच्या घरी ओव्हन होता? गॅस, स्टोव्ह, फार तर वाळूवर कुकरचं भांडं ठेवून केलेला केक. बिस्किटं करायची तर बेकरीत जायचं. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत बेकरीत तो हंगामच असायचा. आदल्या दिवशी नंबर लावून यायचं. मग पिशवीत मैदा, रवा, पिठीसाखर, डालड्याचा डबा, वेलदोड्याची पूड पुडीत बांधून, आणि बाबांच्या सायकलच्या कॅरिअरला तेलाचा 15 किलोचा रिकामा पत्र्याचा डबा, आतून पुसून कागद लावलेला. बेकरी पुढून पावाचं दुकान असायची. मागे गेलं की अंधारी, काळवंडलेली खोली, आणि भिंतीत भट्टीचं तोंड. लांब लाकडी टेबलावर प्रत्येक घराचा ढीग वेगळा. एक माणूस मोठ्या परातीत तळहाताने तूप आणि साखर फेसत असायचा, पिवळट असलेलं ते मिश्रण पांढरं पडेपर्यंत. त्यात मैदा पडला की त्याचा हात असा चालायचा की डोळ्यांदेखत पत्रा भरायचा. एकसारखे गोळे, ओळीत, एकाही गोळ्याला दुसऱ्यांदा हात न लावता. मग लांब दांड्याच्या फावड्याने पत्रा आत.

नानकटाईत अंडं नसतं आणि तुपात पाणी नसतं. बाजारच्या लोण्यात सुमारे 16 टक्के पाणी असतं. तेच पाणी मैद्याला लागलं आणि वर जास्त मळलं गेलं की पिठाला ताण येतो. तुपातलं पीठ तसं ताणलं जात नाही, म्हणून नानकटाई तोंडात घातल्यावर चावायच्या आधीच वाळूसारखी सुटते. ही सगळी कारणं मला पुढे कळली. तेव्हा एवढंच कळायचं की त्या माणसाच्या हाताला सवय आहे आणि आईच्या डोळ्याला संशय. आई पूर्ण वेळ तिथे उभी राहायची. आपलं तूप आपल्याच पिठात पडतंय ना, आपले पत्रे शेजारच्यांच्या ढिगात जात नाहीत ना, पिठाचा शेवटचा गोळा परातीला चिकटून तर राहिला नाही ना. बेकरीवाला कधी चिडायचा नाही. बहुधा सगळ्याच आया तशा उभ्या असायच्या. मजुरी किलोवर ठरलेली. डबा भरून घरी आला की पहिले दोन दिवस आम्हाला त्याच्याकडे फिरकायची परवानगी नसायची, कारण पाहुण्यांसाठी.

मी औंधवालीला विचारलं, तुझ्या घरची पोळी घरचीच ना? पीठ तर गिरणीतून येतं. गहू आपण निवडले, डबा आपण नेला, आधीच्या माणसाचं ज्वारीचं पीठ आपल्या पिठात येऊ नये म्हणून तिथे उभे आपण राहिलो. पुढचं काम जातं करतं. भट्टीचंही तसंच होतं. आपल्या स्वयंपाकघराचा एक तुकडा गल्लीच्या टोकाला असायचा, एवढंच. स्वतःच्या घरात ओव्हन येण्याच्या कितीतरी आधीपासून पुण्यातल्या घरांत घरची बिस्किटं आहेत, आणि ती करणाऱ्या बाईने मैद्यात बोटही बुडवलेलं नाही.

तिला पटलं नाही. "गिरणीत पोळी करून देत नाहीत," ती म्हणाली. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि नाही. पण तिने तोवर तिसरी नानकटाई उचलली होती, आणि ही मात्र खालून पाहिली नव्हती.

मग वाटणी. इथे मला वाटलं होतं, जरा संकोच होईल. मोजून द्यायची आपल्याला सवय नाही, आपण 'घे गं, अजून घे' या जातीचे. पण झालं उलटंच. सहा म्हणजे सहा, हे ठरलेलं असल्यामुळे कुणी कुणाला आग्रह केला नाही, कुणी 'नको नको' म्हणत डबा मागे ओढला नाही. एरवी निरोपाच्या वेळी दारात वीस मिनिटं जी ओढाताण चालते ती झालीच नाही. बाणेरवालीच्या ओट्सच्या बिस्किटांचाही आपोआप मान राहिला, प्रत्येकीच्या डब्यात ती सहा गेलीच. फराळाच्या ताटात ती एका कोपऱ्यात पडून राहिली असती आणि तिला कधीतरी कुणाकडून तरी कळलं असतं. मोजण्याने माणसं दुरावतात असं आपण समजतो. माझा अनुभव असा की न मोजता दिलेलंच जास्त मोजलं जातं, फक्त मागाहून आणि पाठीमागे.

हिशेब चुकवला तो कुलकुलांनी. सहा कुलकुल म्हणजे तळहातावर काहीच नाही. वानवडीवालीने पाच शेराचा डबा भरून आणला होता, आणि तिने पळी घेऊन सरळ वाढायला सुरुवात केली. "हे काय मोजायचे असतात का?" बरोबर आहे, सगळ्या घराने मिळून वळलेलं कोण मोजणार. मग नाचणीचंही फिसकटलं. अखंड बिस्किटं सगळ्यांना पुरेनात, तेव्हा कोथरूडवालीने भुगा वाटीवाटीने दिला आणि दुधात घालून खा म्हणून सांगितलं. माझ्या मुलीला पुढे आठवडाभर तेच आवडलं.

आणि सगळ्यात आधी संपलं काय? जिऱ्याचं खारं. सहा प्रकारचं गोड चाखून झाल्यावर जीभ अशी मिटते की माणूस तिखट-मिठासाठी कासावीस होतो. सदाशिव पेठेतलीच्या डब्यातली चाखायची डझनभर पहिल्या पाच मिनिटांत गेली, मग वाटणीतल्यांवर डोळा. एकीने आपली चॉकलेट चिपची दोन देऊन जिऱ्याचं एक घेतलं. त्या दिवशीचा हाच भाव होता, दोनास एक. माफी मागत आलेली बाई जाताना कृती विचारणाऱ्यांच्या गराड्यात होती.

घरी नेल्यावर काय करायचं हे मी आधीच सांगायला हवं होतं, पण करंज्यांच्या गडबडीत राहिलं, मग रात्री ग्रुपवर लिहिलं : सगळं एका डब्यात भरू नका. खजुराचं आणि चॉकलेट चिपचं जरा ओलसर असतं, ते कुरकुरीत बिस्किटांना मऊ पाडतं. जिऱ्याचं वेगळं ठेवा, नाहीतर उद्या सगळ्यालाच जिऱ्याचा वास येईल. वानवडीवालीचं उत्तर आलं की तिच्याकडे डब्यात ठेवण्यापर्यंत काही उरलेलंच नाही.

पुढच्या वर्षासाठी नियम आताच लिहून झालेत. एक प्रकार खारा हवाच, आणि तो सदाशिव पेठेकडे. मोजता येईल ते अर्धा डझन, बारीक असेल ते वाटीने. तळलेलं चालेल. बेकरीत भाजून आणलेलं चालेल, पण सामान आपलं हवं आणि पूर्ण वेळ स्वतः तिथे उभं राहायला हवं. ही शेवटची अट औंधवालीने घातली आहे. त्याखाली तिने सिंहगड रोडवालीला विचारलंय की त्या बेकरीवाल्याचे नंबर कधीपासून लागतात, आणि एका माणसाचं किमान किती किलो करून देतात.